उरलेल्या लोकरीचा स्वेटर

ह्यांचा फोन आला तेव्हा मी भाईंदरजवळच्या पालीला होते. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नातवाचं बारसं नुकतंच आटोपलं होतं, पानं वाढायची होती. हे एवढंच म्हणाले, "निघ आता. सावकाश ये." तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी सावकाश ये म्हटलेलं नाही. मी पिशवी उचलली, दोन स्कूटरच्या मधून वाट काढत गल्लीच्या तोंडाशी आले आणि रिक्षात बसले. डोंगरी गेलं, मोरवा आलं... घरी काय झालंय ते कळून चुकलं होतं, तरी मी रिक्षावाल्याला "भैया, जरा जल्दी" म्हणतच होते.

त्या दुपारी माझ्या नणंदबाई, कमलताई, गेल्या. त्याला आता दीड महिना होईल. मी त्यांना वन्सं म्हणायचे. ह्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या, लग्न केलं नाही, परळच्या एका शाळेत शिवण-विणकाम शिकवण्यात नोकरी काढली. आम्ही भाईंदरला जागा घेतली तेव्हा त्यांनीही त्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर, छोटा ब्लॉक घेतला. घरात असा माणूस नाही की ज्याच्या अंगावर त्यांनी विणलेलं काही चढलं नाही. ह्यांचा मफलर, आमच्या संजूचा शाळेचा निळा स्वेटर, चुलतभावंडांची टोपडी, जावयांची हाफ जॅकिटं. उरलेली लोकर त्या एका जुन्या अभ्र्यात भरून ठेवत. "ही मधूची," म्हणजे ह्यांची, "ही संजूची," असा प्रत्येक गुंडा त्यांना ओळखू यायचा.

माझा मात्र त्यात एकही गुंडा नव्हता. दोष माझाच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी माझ्यासाठी जांभळट रंगाचा स्वेटर आणला होता. मी चिपळूणहून आलेली तेवीस वर्षांची मुलगी, सगळ्यांसमोर हसत बोलून गेले, "अहो वन्सं, इथे स्वेटर घालायला थंडी कुठे असते?" सगळे हसले. वन्संनी स्वेटरची घडी केली, परत पिशवीत ठेवला. पुढच्या वर्षी तो मी ह्यांच्या एका आतेबहिणीच्या अंगात पाहिला. भांडण झालं नाही, अबोला नाही. एकमेकींकडे वाट्या गेल्या-आल्या, दुखण्याखुपण्याला धावलो. पण बोलणं कामापुरतंच राहिलं, आणि मला विणलेलं कधी काही मिळालं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. आम्ही त्यांना वर आमच्याकडे आणलं. पहिले कित्येक महिने त्या खिडकीकडे तोंड करून पडून असत. कामवालीने एकदा तो अभ्रा उशी समजून त्यांच्या डोक्याखाली सारला, तर ढसाढसा रडल्या. मग एके दिवशी, मी ऑफिसातून येऊन चहा ठेवत होते, तर आतून हाक आली, "सुनंदा, ये इकडे. ही सुई धर जरा."

मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही. पण मी त्यांचा डावा हात झाले. मी त्यांच्या डावीकडे बसून एक सुई धरायची, टाका पुढे सरकवायचा. त्या उजव्या हाताने सुई घालून धागा ओढून घ्यायच्या. नक्षी त्यांनी चौकटीच्या वहीत आधीच काढली होती. एका ओळीत दोन रंग, एक पुढून दिसणारा, दुसरा मागून जाणारा. संजूचा निळा संपला की ह्यांचा राखाडी, तो संपला की कुणाच्या टोपड्याचा पिवळा. "ढकल गं पुढे टाका! सावकाश, बस नाही सुटत तुझी, पण ढकल!" अशी बोलणी खात मी शिकले. माझा हात घट्ट, मागचा धागा ताणला की सगळं चुरगळायचं. मग उसवायचं. उसवताना मला वैताग यायचा, त्यांना मुळीच नाही.

"कोणासाठी आहे हा?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "बघू." मला वाटलं, संजूला पुढेमागे मूल होईल, त्याच्यासाठी. पण पाठीचा भाग वाढतच चालला. एका संध्याकाळी म्हणाल्या, "उभी राहा. पाठ कर." उजव्या हाताने तो तुकडा त्यांनी माझ्या पाठीला लावला. खांद्यापासून खांद्यापर्यंत बरोबर बसला.

"माप न घेता?" मी विचारलं.

"तीस वर्षं समोर वावरतेस. वेगळं माप काय घ्यायचं?"

मी म्हटलं, "वन्सं, तेव्हा मी फार..."

"तीन महिने विणला होता तो," त्या म्हणाल्या. "शाळेतून आल्यावर, रोज." मग तुकडा मांडीवर घेत, "बस आता. मला टाके मोजू दे."

त्यानंतर घरात दोघींचं बोलणं इतकं वाढलं की हे म्हणायचे, टीव्ही ऐकू येत नाही. पुढचे भाग झाले, एक बाही झाली. दुसरीला मनगटापासून सुरुवात झाली तेव्हा ते बारसं आलं. मी जात नव्हते. "जा गं," वन्संच म्हणाल्या, "माझ्या डाव्या हाताला एक दिवस सुट्टी."

घरी पोचले तेव्हा माणसं जमली होती. नंतर ह्यांनी सांगितलं... जेवण झाल्यावर ताईने विणकाम मागितलं, सुनंदाची वाट बघ म्हटलं तर ऐकेना. डाव्या काखेत सुई घट्ट धरून एकटीच विणत बसली. हे पाणी आणायला गेले, आले तर मान कलली होती. विणकाम मांडीवर होतं, आणि सुईवर अर्धी ओळ झालेली.

दिवसकार्य उरकल्यावर मी ती बाही पुढे विणायला घेतली, दोन्ही हात माझेच. वहीतली नक्षी बघून चार बोटं विणली. ताणली गेली. उसवली. परत विणली, परत उसवली. हे म्हणाले, "पहिल्यापासूनच उसव ना, नीट येईल." मी नाही ऐकलं. दर वेळी उसवत त्यांच्या अर्ध्या ओळीपाशी यायचे आणि थांबायचे. त्याखालचा एकही टाका मी मोकळा करणार नाही. तिथून उरलेली अर्धी ओळ माझी, मग पुढची. रोज संध्याकाळी चहा झाला की मी त्यांच्या पलंगावर बसते. आज बाही कोपरापर्यंत आली आहे.