आखाजीची लढाई आणि तिखटाची कंपनी

"वकीलसाहेब, दार उघाडू नका, तुम्हले मन्हा गयानी आन शे," सेठ माझ्या टेबलाखालून गळ्याची शपथ घालत म्हणाले. बाहेर दोन बैलगाड्या भरून बाया आल्या होत्या.

१९६०च्या आसपासची गोष्ट. मी नंदुरबारला वकिली करत होतो आणि सेठ तिखट दळणाऱ्या एका कंपनीचे मालक. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शेजारच्या दोन गावांतल्या बाया नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून लढतात. या युद्धाला कायदा असतो. शिव्या चालतात, ढेकळं चालतात. बाकी काही नाही. त्या वर्षी अलीकडच्या गावाने पलीकडच्यांवर तिखट उधळलं. पुड्यांवर सेठच्या कंपनीचा शिक्का.

"मन्हा ते फक्त धंदा शे," सेठ म्हणाले. महायुद्धात माल पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांचे मालकही कोर्टात हेच सांगत होते, असं मी पेपरात वाचलं होतं. पण त्यांच्यासमोर भागामाय नव्हती.

भागामाय पलीकडच्या गावची म्होरकी. दार उघडताच तिने निकालच दिला. "आते आम्हनं गाव यानी चक्कीनी पायरी चढाव नही."

उन्हाळा म्हणजे वर्षाचं तिखट दळायचे दिवस. एका गावाने पाठ फिरवली की बाकीची फिरवतात. सेठचं दिवाळं वाजलं असतं.

मी काळा कोट चढवला. "माय, तिखट कशाला हवंय, हे सेठला काय ठाऊक?"

"आखाजीना आदला दिन त्या गावन्या बायास्नी पाटीभर तिखट लिधं. वरण कराले का?"

बाई बरोबर बोलत होती, आणि त्याचाच मला राग आला.

"बरं, डोळे कोणाचे झोंबले?" मी विचारलं.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. साड्या लाल झाल्या होत्या. डोळे कोणाचेच झोंबले नव्हते.

"मग शस्त्रच नाही, तर गुन्हा कसला?" मी टेबलावर हात आपटला. खालून सेठ कण्हले.

तेवढ्यात मागच्या गाडीतल्या बाया आत घुसल्या. मला वाटलं होतं, त्याही भागामायच्याच. पण त्या निघाल्या तिखट उधळणाऱ्या.

"आम्हनी बी याच सेठवर तक्रार शे, साहेब! तिखटमा निम्मी ईटनी भुकटी शे!"

माझ्या ऑफिसातच दोन्ही गावांचा तह झाला. पुढच्या आखाजीला सेठने नाल्याच्या मधोमध उभं राहायचं, असं ठरलं. त्यांनी कबूल केलं, तेव्हा कुठे चक्की चालू राहिली. पुढच्या वर्षी शिव्या आणि ढेकळं दोन्ही काठांवरून आली, आणि नेमबाजी उत्तम होती.

तेव्हापासून व्यापारी अशील आला की वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी त्याचा माल चाखून बघतो.