घाटगेसाहेबांचा ओरिजिनल एसी

गोरव्यात संपतराव शिर्क्यांचं गॅरेज शोधायला पत्ता लागत नाही. कुठल्याही गुजराती रिक्षावाल्याला ‘एसीवाळा मराठी’ म्हटलं की तो थेट शटरपाशी आणून सोडतो. संपतरावांची कामाची एक ठरलेली रीत आहे. गाडी आली की बॉनेटला हात लावायचा नाही. आधी विचारायचं, “मागं कोण बसतं?” जो बसत असेल त्याला बसवायचं, काचा लावायच्या, हातात डेअरीतला लांबडा थर्मामीटर द्यायचा आणि भर उन्हात दहा मिनिटं एसी चालवायचा.

“ड्रायव्हरला काय, तोंडावर वारा आला की सगळंच गार,” ते म्हणतात. “खरं मागचा माणूस सांगतो.”

एप्रिलातल्या त्या दुपारी मागचा माणूस म्हणजे पद्मावहिनी होत्या. पुढं स्टिअरिंगवर त्यांचे यजमान, बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले मल्हारराव घाटगे. गाडी त्यांची पांढरी काँटेसा, या गॅरेजात पहिल्यांदाच आलेली.

“किती झाले, वहिनी?” संपतरावांनी काचेवर टकटक करून विचारलं.

“एकोणचाळीस! आणि मी अजून जिवंत आहे, एवढं तुमच्या साहेबांना कळवा.”

“अतिशयोक्ती करायची हिला सवयच आहे,” मल्हारराव खाली उतरत म्हणाले. शर्ट पाठीला चिकटला होता. “कॉम्प्रेसर जाम झालाय, बाकी काही नाही. मुंबईत एका जुन्या मालवाल्याकडे अस्साच ओरिजिनल मिळतोय. मी सांगून ठेवलंय.”

“म्हणजे जुना काढायचा आणि दुसरा जुना घालायचा,” वहिनी म्हणाल्या. “अहो, मला दम लागतो. छाणीला माझ्या बहिणीकडे जायचं तर मी रिक्षा करते. दारात एवढी मोठी गाडी असून!”

संपतरावांनी दोघांना स्टुलं दिली. “दोन्ही होतं, साहेब. जुना बसवला तर त्याचा गॅस आता मिळत नाही. नव्या गॅसवर आणायचा तर तेल, सिलं, सगळं बदलावं लागणार. दोन उन्हाळे काढेल, पण मागं हवा पोचेल याची खात्री मी देत नाही. नवा बसवला तर मागं गार आणि इंजिनवर भार कमी. पण आतलं जुनं सगळं निघणार.”

“ते निघता कामा नये.” मल्हाररावांनी पिशवीतून फॉर्म काढला. “डिसेंबरात राजवाड्याच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. एसीच्या रकान्यात मी ‘मूळ, कंपनीचा’ लिहिलंय. तुमच्या लेटरहेडवर फक्त दोन ओळी द्या. तुमच्या सहीवर कोणी शंका घेणार नाही.”

“आधी उघडून तर बघू. शांति राखो, जरा धीर धरा,” संपतराव हसले आणि बॅटरी पेटवून बॉनेटखाली वाकले.

इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यातून एसीच्या दोन नळ्या आत जात होत्या. त्यांच्या शेजारी, दोन बोटांवर, रुपयाएवढी एक चकती डाख देऊन बसवलेली होती. वर काळा रंग. रंग जिथं उडाला होता तिथं पिवळ्या पत्र्यावर हिरवं पान दिसत होतं. तुपाच्या डब्यावरचं पान.

संपतराव तसेच वाकून राहिले.

ते भोक त्यांचंच. ब्याण्णव साल, मकरपुऱ्यातलं शेठचं दुकान, आणि चोवीस वर्षांचा संपत. भोक चुकीच्या जागी पाडलं म्हणून शेठनं शिव्या घातल्या, तेव्हा कोपऱ्यातला तुपाचा डबा कापून त्यानंच ते बुजवलं होतं. गाडी एका दलालाची होती. एसी बाहेरचा, लोकल. दलालानं कुठूनसा कंपनीचा पितळी बिल्ला आणून दिला, शेठ म्हणाला चिकटव, संपतनं चिकटवला. गिऱ्हाईक कोण ते त्याला कधी कळलं नाही.

तो बिल्ला बॉनेटखाली अजून आरशासारखा चमकत होता.

“दर दसऱ्याला कुंकू लावतात हो त्याला,” वहिनी सांगत होत्या. “इंजिनाला एक बोट, बिल्ल्याला एक बोट.”

“लावणारच! कंपनीनं अशा मोजक्याच गाड्या एसी घालून दिल्या होत्या. मला दलालानं तेव्हाच सांगितलं.”

संपतरावांनी हात पुसले. एकदा नाही, तीनदा. दोन ओळी लिहिल्या असत्या तर साहेब खूश होऊन गेले असते. शहरातले निम्मे जुने गाडीवाले साहेबांनीच तर इथं पाठवले होते. ते पुन्हा येतील न येतील. पण सही संपत शिर्क्याची, आणि बिल्लाही त्यानंच चिकटवलेला. एकाच खोट्यावर दोनदा हात कसा उमटवायचा?

“साहेब, मला लिहिता येणार नाही.”

“का?”

“हा कंपनीचा नाही. हा मी बसवलाय.” आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दुकान, दलाल, चकती, बिल्ला. शेठचं नाव पुढं करून स्वतःला वाचवलं नाही. “मला ठाऊक होतं हे फसवणं आहे. तरी चिकटवला.”

मल्हारराव बॉनेटपाशी आले. बॅटरी मागून घेतली. ते हिरवं पान त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“बत्तीस वर्षं मी लोकांना बॉनेट उघडून दाखवत आलो,” ते हळूच म्हणाले. “प्रत्येक पाहुण्याला.”

“माझ्या माहेरच्यांना तर दोन-दोनदा,” वहिनी बोलून गेल्या, आणि नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी जीभ चावली.

 बाहेरून कारखान्याची बस धूळ उडवत गेली.

“चालला मात्र चांगला,” शेवटी मल्हारराव म्हणाले. “बत्तीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली! चोवीस वर्षांच्या पोराचं काम.”

“रागवा, साहेब. रागवायचा हक्क आहे तुमचा.”

“रागावलोय. घरी जाऊन नीट रागवीन.” त्यांनी फॉर्म स्टुलावर पसरला, संपतरावांच्याच खिशातलं पेन काढलं, ‘मूळ, कंपनीचा’ यावर रेघ मारली आणि अडखळले. “आता काय लिहू?”

“नवा बसवायचा की जुना, त्यावर आहे ते.”

मल्हाररावांनी बायकोकडे पाहिलं. ती पदरानं वारा घेत होती. मग बँकेतल्यासारख्या नेटक्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘नवा, बाहेरून बसवलेला. कारागीर : संपतराव शिर्के, गोरवा.’

“या वेळी नाव घातलंय तुमचं,” पेन परत देत ते म्हणाले. “तेव्हा भोकं मोजून पाडा.”