मस्तगडच्या बुरजातल्या बिड्या

चहा निवू द्या, तोवर ऐका मी माझ्याच तोंडाला काळं कसं फासलं ते. हसायचं तर इथंच हसा, बाहेर बोलू नका.

मस्तगडला आमच्या घरामागे जुन्या किल्ल्याचा पडका बुरूज आहे. तिथे सिपायाचं भूत आहे म्हणतात. मी मानत नाही. मी संशय घेतो तो माणसांवर.

डॉक्टरने माझी बिडी बंद केली. सुनेने, सुनंदाने, बंडल बंबात टाकलं. मी घरात सगळ्यांसमोर शब्द दिला, "आजपासून बंद. माझी जबान एक असते."

आणि रोज दिवेलागणीला बुरजात जाऊन ओढू लागलो. घरात कळलं असतं, तर माझ्या शब्दाला कुत्र्यानेही विचारलं नसतं.

थोड्याच दिवसांत गल्लीत बोभाटा झाला. सिपाही बुरजात खोकतो, अंधारात त्याचा डोळा लाल चमकतो. मी मनात म्हणालो, थापा. मी रोज तिथेच असतो, मला कसा दिसत नाही?

मग एका संध्याकाळी बुरजातल्या दगडावर कोरं बंडल दिसलं. शेजारी काडेपेटी. वर हळदकुंकू.

तुम्ही काय समजला असता? मी समजलो, हा शेजारच्या बापूरावचा माल. त्याचीही बिडी बायकोने बंद केलेली. कुणी हात लावू नये म्हणून वर कुंकू टाकलं, लोक फिरकू नयेत म्हणून भुताची आवई उठवली. बेरकी माणूस. मी कुंकू फुंकलं आणि त्याच्या बिड्या ओढल्या. रोज नवं बंडल येई. रोज ओढल्या.

शेवटी चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याला धरलं.

"बापूराव, भूत तूच हाईस. बुरजात बिड्या लपवून राह्यलास."

"म्या? अन् तुला कसं ठाव? तू काय करायला गेल्तास तिथं?"

"पाहरा द्यायला."

"चल मंग, दाखव. बराबर सगळ्यांसमोर दाखव."

गेलो. बुरजात कुणीतरी होतं. मी हात करून सगळ्यांना थांबवलं. आत डोक्यावर पदर घेऊन सुनंदा उभी. दगडावर बंडल ठेवून हात जोडत होती.

"सिपायबाबा, ह्या ओढ, पण आमच्या मामांजीला सोड. त्यांनी बिडी सोडली, ते शब्दाचे पक्के हाईत. तरी अंगाला बिडीचा वास येतो, रातभर खोकतात. तूच धरलं हाईस त्यांना."

बापूराव माझ्या कानाला लागला. "बोल आता. खोटारडा का झपाटलेला?"

मी घसा खाकरला आणि पुढे झालो.

"सुनबाई, खरं हाय तुझं. धरलंय मला."

तेव्हापासून ती रोज माझ्यावरून मिरच्या उतरवून विस्तवावर टाकते. त्या धुराने मी खोकतो. खोकलो की तिला वाटतं, सिपाही अजून गेला नाही. मग बुरजात दोन बंडलं जातात.

ती बापूराव ओढतो. त्याने तोंड बंद ठेवावं म्हणून.