कानामागचं हाड

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत होतो. फोन कानाला लावायचा नाही, हातभर लांब धरून स्पीकरवर बोलायचं, ही माझी जुनी सवय. त्यामुळे ताईचा हंबरडा माझ्याबरोबर सगळ्या खोलीनं ऐकला. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे असतानाच दाजींच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. शहाणपणाची म्हणून मिरवलेल्या त्या सवयीची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धुळ्याकडचे, पण उभा जन्म सुरतेत लूमवर गेला. त्या खडखडाटात कारागीर एकमेकांशी ओठांनी आणि बोटांच्या खुणांनी बोलतात. दाजींचे कान निम्मे गेलेच होते, पण समोरच्याचे ओठ दिसले की त्यांचं अडत नसे. फोनवर ओठ कुठून दिसणार? म्हणून ते फोन कानामागच्या हाडावर घट्ट दाबत, तसं त्यांना नीट ऐकू येई; मग डोळे मिटत आणि रोज संध्याकाळी गावाकडच्या आपल्या आईशी, मायशी बोलत. मायचा आवाज आधीच बारीक, आणि पहिला प्रश्न रोजचाच, "जेवना का रे?", म्हणजे जेवलास का...

मी विज्ञान शिकवतो. गप्प बसेल तो मास्तर कसला! सुरतेतल्या गोडादऱ्याला त्यांच्या घरी चहा पिता पिता मी फोनच्या लहरींचं सुरू केलं. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याचा साचा घेतात, त्यात मीठ-साखर घातलेलं पाणी भरतात, फोन गालाला लावतात आणि आत किती लहरी मुरतात ते मोजतात. फोन डोक्याला चिकटवला की जास्त मुरतात, थोडा लांब धरला की झपाट्यानं कमी होतात.

"मंग बरं शे ना मास्तर," दाजी हसले, "माय डोकामाच ऱ्हायी."

ताई मात्र हसली नाही. मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या लहरींनी डोकं जरासं कोमट होतं, त्यापलीकडे नुकसान होतं असं पक्कं सिद्ध झालेलं नाही, हे मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर गोष्टीतली गंमत गेली असती.

त्या दिवसापासून ताईनं त्यांचा फोन स्टुलावर, स्पीकरवर आणला. दाजींना शब्द लागेनात. शेजारीपाजारी बसलेले असताना पुन्हा पुन्हा "काय? काय?" विचारायचा त्यांना संकोच वाटे. मग "हा माय, हा माय" म्हणून ते फोन ठेवत. मी येत-जात होतो, पण हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कळलं ते दशक्रियेला गावी गेल्यावर. मायनं मला बाजूला घेतलं.

"मास्तर, मन्हा पोऱ्या वरीसभर मन्हासंगे नीट बोलनाच नही. मन्हावर रागे व्हता का रे तो?"

"नाही माय," एवढंच म्हणालो आणि बाहेर आलो. पुढचं सांगायची हिंमत झाली नाही.

माय अजूनही कधीकधी संध्याकाळी सवयीनं दाजींच्याच नंबरावर फोन लावते. ताईच्यानं तो उचलवत नाही. परवा मी तिथं असताना वाजला. मी उचलला, स्पीकर बंद केला आणि दाजी दाबायचे तसा कानामागच्या हाडावर दाबला. मग मायला सगळं सांगितलं... तो रागावला नव्हता, त्याला तुझं बोलणं ऐकूच येत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

पलीकडून तो बारीक आवाज आला.

"जेवना का रे?"

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी फोन आणखी दाबून धरला.