पन्हाळ्यावर आई चालली

आईला अर्धांगाचा झटका आला तो सत्तर सालच्या सुमारास. मी तेव्हा राजारामपुरीत नोकरी करत होते. काही महिन्यांत तिची जीभ सुधारली, हात हलू लागला; उजवा पाय मात्र ओढतच राहिला. "आता एवढंच," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर आई मला म्हणाली, "रजा काढ. पन्हाळ्याला जाऊ. गडाच्या तीन दरवाजापर्यंत मला चालत जायचंय."

तिचं माहेर गडाच्या पायथ्याचं. लहानपणी डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती त्याच दरवाजानं वर यायची.

दिवाळीनंतर एसटीनं गडावर गेलो. एका मुसलमान कुटुंबानं घरामागच्या कौलारू खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या होत्या. लोखंडी खाटा, मातीचा माठ, खिडकीतून दिसणारं धुकं. सगळा कारभार त्या घरच्या चाचींच्या हातात. आवाज असा, की पलीकडच्या घरातलं कुत्रं उठून बसावं.

पहिल्या सकाळी त्या अंगणातूनच ओरडल्या, "आक्का, च्या पायरीवर ठेवलाय. यायचं की!"

मी आणायला उठले, तर चाची दारातच आडव्या आल्या. "तू नगं. त्यांचा च्या हाय."

"आजारी माणसाला खोलीत द्यायला काय होतं?" मी चिडून विचारलं.

"झोपायला घरात जागा न्हवती व्हय? हितं कशाला आलाय मग?"

मला भयंकर राग आला. आई मात्र हसली, आजारपणानंतर पहिल्यांदाच. भिंतीला धरून ती पायरीपर्यंत गेली आणि गार झालेला चहा प्याली.

दुसऱ्या दिवशी चहा फाटकाजवळ ठेवलेला. मग रस्त्यापलीकडच्या फणसाखाली. आईची चप्पल पायातून निसटायची, म्हणून तिनं ती कापडाच्या पट्टीनं पायाला बांधून घेतली. दुपारी खोलीत झोपायची नाही. अंगणात फेऱ्या मारत राहायची. रात्री मी पाय चेपायला बसले, की दुखतंय असं एकदाही म्हणायची नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आज जायचं." चाची चूल विझवून सोबत आल्या. तीन दरवाजाशेजारच्या अंधारबाव विहिरीजवळ दवानं फरशी निसरडी झाली होती. आईची काठी सटकली आणि ती पडली. गुडघा फुटला. मी धावले.

"हात लावू नकोस!" आई ओरडली.

चाचींनी माझा दंड घट्ट धरून ठेवला. आई आधी कुशीवर वळली, मग डाव्या गुडघ्यावर आली. काठी रोवली, घसरली, पुन्हा रोवली. जीपमधून आलेले पाहुणे थांबून बघत होते. मला रडू येत होतं.

आई उठली. लुगडं झटकलं आणि दरवाजातून पलीकडे गेली.

खाली उसाची शेतं होती, गुऱ्हाळाचा धूर होता. धुराच्या डावीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "ते आमचं गाव. आता उतरायचं."

"आई, उद्या परत जायचंय."

"मग पुढच्या रजेत."

पुढच्या वर्षी ती खरंच उतरली. पाय तसाच ओढत, जागोजाग बसत, संपूर्ण उतार. उन्हं कलताना आम्ही मामाच्या दारात पोचलो. मामी बघतच राहिली.

"बघत काय उभी राहिलीस?" आई म्हणाली. "पाणी आण की."