तुरीच्या ओळीतला गांजा

नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता पुसट झाले, पण कंधारकडच्या त्या शेताची घटना मनातून जात नाही. ती मला नीट मांडता येईल की नाही, शंका आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. लिहिण्याची सवय पंचनाम्यापुरतीच. संबंधितांची नावं आणि गाव सांगत नाही.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. वेळ अमावास्या होऊन गेली होती. लातूर-नांदेडकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, घालायची, पूजा करायची, आणि भज्जी, उंडे, आंबील असं जेवण. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पानावर बसवतात. दुसऱ्या दिवशी आमचे एक जुने हवालदार ठाण्यात सुस्तावून बसले होते.

"काय हवालदार, आंबील उतरली नाही का अजून?"

"चार शेतांत जेवलो साहेब. कुणाला न्हाई म्हणावं?" मग जरा थांबून म्हणाले, "पण एक गोष्ट खटकून राहिली. नदीकडचा एक शेतकरी हाय. दरसाल त्याच्या कोपीपुढं पंगती उठतात. औंदा कोपच घातली न्हाई. आत वळलो तर बांधावरच आडवा आला. म्हणला, बायको आजारी हाय. अन् बायको मागं खुरपं घेऊन उभी!"

मी हसलो, पण ते मनात राहिलं. आमच्याकडचा माणूस भांडण असलं तरी येळवशीला शेतात येणाऱ्याला अडवत नाही. अडवतो, म्हणजे आत काहीतरी आहे.

नुसत्या संशयावर छापा घालता येत नाही. त्या शेतकऱ्याला अनोळखी असलेला एक शिपाई साध्या कपड्यांत कडबा विकत घ्यायच्या निमित्तानं गेला आणि तुरीच्या आत गांजा असल्याचं पाहून आला. मग स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना लेखी कळवलं. दोन पंच, वजनकाटा आणि सीलचं सामान घेऊन सकाळी निघालो.

तूर डोक्याएवढी झाली होती. बाहेरच्या ओळी स्वच्छ होत्या. आत शिरलो तर तुरीच्या दर दोन ओळींआड गांजाची झाडं.

"आपोआप उगवलं साहेब," शेतकरी म्हणाला. "पाखरानं बी टाकलं असंल."

"पाखरू एवढ्या सरळ ओळीत पेरतं होय रे?" हवालदार म्हणाले.

शिपाई झाडं उपटायला घुसले. तेवढ्यात त्याची बायको पुढं आली. रडणं नाही, ओरडणं नाही.

"ते न्या साहेब. आता तुमचंच हाय ते. पण तूर तुडवू नका. तूर आमची हाय."

मी शिपायांना थांबवलं. एकेक झाड बुडाशी कापून ओळीतून हातोहात बाहेर काढायला सांगितलं. काम लांबलं, पंच कुरकुरले. ती बांधावर उभी राहून प्रत्येकाच्या पायांकडे बघत होती.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. बी कुणी दिलं, माल कोण नेणार, यावर तो एक शब्द बोलेना. तंबाखू दिली, चहा दिला, आवाजही चढवला. शेवटी सातबारा मागवला. शेत त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर होतं. हे भाऊ नांदेडला शिक्षक.

"मग त्यांनाही बोलवावं लागेल," मी म्हणालो.

पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला. "दादाला नका बोलवू. त्याला काईच म्हाईत न्हाई."

दादा आले. मला वाटलं, आधी नोकरीचं काढतील. ते भावासमोर बसले आणि म्हणाले, "येळवशीला मला येऊ नको म्हणालास. पोरं दिवसभर रुसून बसली. बायकोला म्हणलो, धाकट्याला आपण जड झालो."

"तू आला असतास तर झाडं दिसली असती, दादा. मग साहेबांपुढं म्हाईत न्हाई कसं म्हणला असतास? तुझी नोकरी गेली असती."

मग धाकटा माझ्याकडे वळून बोलायला लागला. बी देणारा माणूस, त्याचा फोन, त्याची पिकअप, सगळं सांगितलं. पोलिसांपुढं दिलेल्या अशा कबुलीवर न्यायालयात खटला उभा राहत नाही, म्हणून आम्ही फोनच्या नोंदी काढल्या. त्यावरून तो दलाल देगलूरच्या रस्त्यावर सापडला. गाडीत कोंड्याच्या पोत्यांखाली दुसऱ्याच कुणाच्या शेतातला गांजा होता.

कागदपत्रं आवरताना मी धाकट्याला विचारलं, "खाऊन-पिऊन सुखी माणूस तू. हे कशामुळं केलंस?"

"साहेब, तूर घिऊन मोंढ्याच्या बाजारात जावं तर आडत्या मूठभर हातात घेतो अन् म्हणतो, ओली हाय. दिवसभर उभं ऱ्हायचं, तो म्हणंल त्या भावानं द्यायचं. हा माणूस बांधावर आला. भाव आधी बोलला. मला खुर्ची टाक म्हणला न्हाई, माझ्यासंग मातीत बसला."

हे ऐकून गुन्हा लहान झाला नाही. दोषारोपपत्र मी धाकटा आणि दलाल, दोघांवरही पाठवलं. दादांचा संबंध नसल्याचं तपासात आलं तसं लिहिलं. धाकट्याला शिक्षा झाली. तूर दादांनी रजा काढून धाकट्याच्या बायकोबरोबर काढली, एवढं कळलं.

पुढं जिल्ह्यात अमली पदार्थांविरुद्धच्या धोरणावर एक बैठक झाली. शेतकऱ्यांना पर्यायी पीक द्यावं, अशी चर्चा चालली होती. कुणी शेवगा म्हणालं, कुणी रेशीम. मी चाचरतच उठलो आणि म्हणालो, पर्यायी पीक त्यांच्याकडे आहे, त्या गांजाच्या शेजारीच उभं होतं. पर्यायी गिऱ्हाईक नाही. भाव आधी सांगून बांधावर येणारं कुणीतरी आपण पाठवू शकतो का?

एका अधिकाऱ्यानं विचारलं, "हा पोलिसांचा विषय आहे का?"

तेव्हा मी खाली बसलो. उत्तर आज सुचतं. त्या शेताच्या बांधावर सरकारतर्फे पहिला पोचलेला माणूस मी होतो, आणि माझ्या हातात बेडी होती.