वेलांट्यांची रोवणी

आणीबाणीच्या आधीचं वर्ष. आसगावच्या पलीकडच्या एका लहान गावात पहिलीच्या वर्गाची बाई म्हणून मी एसटीतून उतरले, तेव्हा माझ्या पायात टाचेची चप्पल होती. चप्पल तिथल्या चिखलात रुतून बसली आणि मी तिच्याशिवायच चार पावलं पुढे गेले. माझी तेव्हाची हुशारी साधारण एवढीच होती.

नोकरी कच्ची होती. वर्षाच्या आत शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांचा चांगला शेरा मिळाला तर पक्की, नाहीतर सामान बांधून भंडाऱ्याला परत. तिथे बाबांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलगा भांड्यांच्या दुकानात बसायचा आणि दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ शिकवणं हा माझ्यासाठी निव्वळ भाषेचा प्रश्न नव्हता.

अ आणि आ सरळ गेले. इ-ई ला गाडी अडली. मी ‘विळा’ म्हणे, ‘वीट’ म्हणे. पोरं दोन्हीला सारख्याच प्रेमाने मान हलवत. खरं सांगू, पुस्तक मिटलं की मलाही खात्री नसायची. हे ओढून म्हटलं का आपण, की तोडून? पण शिक्षणशास्त्राचा दाखला घेऊन आलेल्या बाईने असं विचारायचं कोणाला?

आषाढात रोवणी लागली. शाळेच्या खिडकीतून समोरची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, दिसे. बाया एका ओळीत वाकून धानाचे पऱ्हे रोवत आणि सगळ्या मिळून एकेक पाऊल मागे सरकत. ओळ कशी दोरीने आखल्यासारखी. मला वाटलं, सापडलं! नऊ पोरांना भिंतीपासून भिंतीपर्यंत उभं केलं. मी शब्द म्हणायचा; त्यातला पहिला आवाज आखूड असेल तर एक पाऊल मागे, लांब असेल तर दोन. पोरं खूश. घरच्या बाया करतात तेच काम शाळेत करायला मिळालं होतं.

आठवड्यात सगळी ओळ बिनचूक सरकू लागली. एकही पोर मागे नाही, पुढे नाही. हेडमास्तरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही तर कमाल केली. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी नाही म्हटलं नाही.

साहेब आले त्या दिवशी ओळीत आठच पोरं होती. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या बाजूची, खिडकीकडच्या टोकाची मुलगी, लहान भावाला सांभाळायला आईसोबत बांधीवर गेली होती. साहेबांनी ‘विळा’ म्हटलं. कोणी हललं नाही. ‘वीट’ म्हटलं. आठही पोरं मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली.

“बाई,” साहेब म्हणाले, “या ओळीत ऐकणारं कोण आहे?”

मला प्रश्नच कळला नाही. दिवाळीनंतर परत येतो म्हणून ते निघून गेले. मग शाळेत पाणी भरणाऱ्या बाईने मला समजावलं. रोवणीत ओळ धुऱ्याकडच्या बाईच्या पायाने चालते. ती सरकली की सगळ्या सरकतात. पुढे-मागे झालेलीला दिवसभर टोमणे खावे लागतात. पोरं लहानपणापासून हेच पाहत आली होती. माझ्या वर्गात ऐकणारी एकच होती. बाकीचे आठ तिचे पाय पाहत होते.

चला, एकीला तरी येतं, या आनंदात मी तिच्या घरी गेले. तुला कसं गं ओळखू येतं, म्हणून लाडाने विचारलं.

“बाई, लांब असलं का तुमच्या भिवया वर जातेत,” ती म्हणाली. “मी थेच पायतो.”

म्हणजे नऊ पोरं चालत होती माझ्या भिवयांवर, आणि भिवया कशावर चालत होत्या ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून शिकवू लागले. गावात बातमी झाली की शाळेच्या बाईने पोरांपुढे घुंगट घेतला. पोरांना मी एकमेकांकडे पाठ करून उभं केलं. कोणाचे पाय नाहीत, कोणाच्या भिवया नाहीत. वर्गाचा पार बाजार झाला. कोणी एक पाऊल, कोणी तीन, एक तर रोज खालीच बसायचा.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, साहेब आले. मी पदर ओढून मागे उभी राहिले. साहेबांनी ‘पीक’ म्हटलं. चौघं दोन पावलं गेले, तिघं एक, एकजण पुढेच आला. धुऱ्याकडची बराच वेळ जागेवर उभी होती. मग तिने हळूच एक पाऊल टाकलं आणि थोडं थांबून दुसरं. ओळीच्या चिंध्या झाल्या होत्या. मला समोर फक्त खर्ऱ्याने रंगलेले दात दिसू लागले.

साहेब शेरे लिहायच्या वहीत लिहीत होते. मीच तोंड उघडलं, साहेब, अर्ध्या पोरांचं चुकलं हो.

“चुकलं,” ते म्हणाले, “पण ज्याचं त्याचं चुकलं.”

शेरा चांगला होता. मी पक्की झाले. तो शेरा का मिळाला, हे मला पुढची कितीतरी वर्षं नीट उमगलं नाही. खर्रेवाल्याशी लग्न मी पुढे आपल्या मर्जीने केलं, पण त्याचा वेलांट्यांशी संबंध नाही.

त्या दिवशी साहेब गेल्यावर धुऱ्याकडची मुलगी माझा पदर ओढून विचारू लागली, “बाई, माह्यं बरोबर होतं काय?”

मला सांगता येईना. ‘पीक’ म्हटलं तेव्हा मी पदराआडून साहेबांच्या भिवया पाहत होते, आणि त्या जागच्या हलल्या नव्हत्या.